वैमानिकाच्या बैठकीची गादी

साताऱ्यात ‘गादी’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्याने छत्रपतींची गादी येते. १७०८ साली शाहूमहाराजांना इथे राज्याभिषेक झाला, तेव्हापासून या शहराचे नाव त्या शब्दाशी जोडले गेले आहे. सांगलीकरांना पटवर्धनांची गादी आठवेल. आजच्या विषयातली गादी या दोन्हींहून फारच लहान. हातभर लांब, हातभर रुंद आणि दोनतीन बोटे जाड. लढाऊ विमानात वैमानिक ज्या खुर्चीवर बसतो त्या खुर्चीवर ती घातलेली असते. एवढ्याशा वस्तूला इतिहास तो कसला, असे कोणासही वाटेल. परंतु ही गादी कशाची असावी, किती जाड असावी आणि किती मऊ असावी, हे ठरविण्यासाठी माणसांनी आपले पाठीचे कणे पणाला लावलेले आहेत, आणि काहींचे मोडलेही आहेत. म्हणून तिची कथा सांगण्यासारखी आहे.

विषय दूरचा आहे असेही नाही. या दोन जिल्ह्यांना लष्कर परके नाही. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच निघाली, आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांपैकी प्रदीप वसंत नाईक हे २००९ ते २०११ या काळात भारतीय वायुदलाचे प्रमुख होते. ते मिग-२१ चालविणारे वैमानिक. या शाळेतून आणि इथल्या घराघरांतून जी मुले लढाऊ विमानात जाऊन बसली, ती सारी याच गादीवर बसली.

प्रथम आपल्या ओळखीच्या जागेपासून, म्हणजे तालमीपासून आरंभ करू. तालमीतला हौदा कसा तयार करतात हे इथे कोणास सांगावयास नको. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, लिंबू आणि सांगलीच्या पेठेतली हळद घालायची, आणि पहाटे पैलवानांनी फावड्याने ती उकरून मोकळी करायची. उकरलेली माती दबते आणि पडणाऱ्याला सावरून घेते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव असल्याच मातीत घडले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांची मॅटशी गाठ पडली, आणि १९५२ साली हेलसिंकीला त्याच मॅटवर त्यांनी कांस्यपदक मिळविले. माती असो की मॅट, तत्त्व एकच. पडणाऱ्या माणसाचा वेग ठरलेला असतो. तो जितक्या जास्त अंतरात जिरवावा तितका धक्का कमी. म्हणून पडण्याच्या जागी जितके मऊ तितके बरे, अशी आपली समजूत झाली आहे आणि ती अनुभवाची आहे.

आता याच समजुतीने कोणी वैमानिकाच्या खुर्चीवर कापसाची जाडजूड गादी घातली, तर प्राण वाचविण्याच्या त्या क्षणी ती गादीच त्याचा मणका मोडील. हे कसे, ते समजण्यासाठी आधी ती खुर्ची समजून घेतली पाहिजे.

पहिल्या महायुद्धात विमानाला आग लागली तर बहुतेक वैमानिकांपाशी हवाईछत्रीही नसे. पुढे छत्री आली, आणि वैमानिकाने काच सरकवून, पंखावर पाय ठेवून उडी घ्यावी असा प्रघात पडला. विमाने सावकाश जात होती तोवर हे जमले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वेग ताशी पाचसहाशे किलोमीटरवर गेला. एवढ्या वाऱ्यात माणसाला खुर्चीतून उठताच येत नाही; उठलाच तर वारा त्याला मागे भिरकावतो आणि तो विमानाच्या शेपटीवर आपटतो. तेव्हा वैमानिकाने उडी मारायची नाही, तर खुर्चीनेच त्याला घेऊन बाहेर उडायचे, अशी कल्पना निघाली. ती इजेक्शन सीट. तिच्या पाठीमागे तोफेच्या नळीसारखी एक नळी असते. दट्ट्या ओढला की नळीतले काडतूस उडते आणि खुर्ची माणसासकट रुळावरून वर फेकली जाते. उडवायची असते खुर्ची, पण दारूचा तो सगळा जोर माणसाच्या बुडातून त्याच्या कण्यात शिरतो.

या कामात जर्मन लोक पुढे होते. त्यांची पहिली खुर्ची काडतुसावर नव्हे, दाबलेल्या हवेवर चाले. १३ जानेवारी १९४२ रोजी हेल्मुट शेंक हा चाचणी-वैमानिक हाइंकेल २८० या जेट विमानात बसला होता. दुसऱ्या विमानाने ओढून ते वर नेले होते. ओढण्याची दोरी बर्फाने सुटेना, तेव्हा त्याने खुर्ची उडविली आणि सुखरूप खाली आला. प्रत्यक्ष संकटात खुर्चीने वाचलेला हा पहिला माणूस. किती जोराने उडविले तर कणा टिकेल हे जर्मन शास्त्रज्ञांनी मेलेल्या माणसांचे मणके यंत्रात दाबून मोजले होते. या कामाशी झिगफ्रीड रूफ या वैद्याचे नाव निगडित आहे. हाच रूफ युद्धानंतर न्यूरेंबर्गला डॉक्टरांवरच्या खटल्यात आरोपी म्हणून उभा राहिला. डाखाउच्या छळछावणीत कैद्यांना विरळ हवेच्या कोठडीत कोंडून जे प्रयोग झाले, त्यांत अनेकांचे प्राण गेले. त्या प्रयोगांबद्दल त्याच्यावर आरोप होता. १९४७ साली न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्या प्रयोगांचा खुर्चीशी संबंध नव्हता हे खरे. तथापि माणसाचे शरीर किती सोसते हे जाणून घेण्याचे शास्त्र त्या काळी कोणत्या दाराशी जाऊन उभे राहिले होते, हे विसरून पुढे जाता येत नाही. ज्याच्यावर प्रयोग व्हायचा त्याने होकार दिला होता काय, हा प्रश्न या सबंध इतिहासाच्या मागे उभा आहे.

होकार देणाऱ्याचे नाव बर्नार्ड लिंच. इंग्लंडात मार्टिन-बेकर या कारखान्यात तो फिटर होता. कारखान्याचे मालक जेम्स मार्टिन. त्यांचे भागीदार कॅप्टन बेकर १९४२ साली नव्या विमानाची चाचणी घेताना मरण पावले, आणि तेव्हापासून वैमानिकाच्या जिवाचा प्रश्न मार्टिनांच्या मनाला लागून राहिला. १९४४ साली सरकारनेही त्यांना याच कामाला लावले. त्यांनी कारखान्याच्या आवारात सोळा फूट उंचीची एक लोखंडी तिकाटणी उभी केली आणि तिच्यावर रूळ बसविले. आधी खुर्चीवर वाळूची पोती ठेवून ती वर उडविली. आणि मग २४ जानेवारी १९४५ रोजी लिंच तिच्यावर जाऊन बसला.

पहिल्या खेपेस तो चार फूट आठ इंच वर गेला. त्यानंतर आणखी तीन वेळा काडतुसाचा जोर वाढवीत नेला. दहा फुटांवर गेला तेव्हा, आता बराच त्रास होतो, असे त्याने सांगितले. त्याच्या या सांगण्याचे मोल फार मोठे होते. कारण त्या काळी मापनयंत्रे थोडी होती, आणि ‘इथवर ठीक, याच्यापुढे नाही’ हे सांगणारे खरे यंत्र म्हणजे लिंचची पाठ. शास्त्राच्या इतिहासात फिटरचे नाव क्वचितच येते. किर्लोस्करवाडीच्या किंवा साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या ज्या कामगारांनी यंत्रे घडताना पाहिली आहेत, त्यांना हा माणूस चटकन ओळखीचा वाटेल. साहेबाने आकृती काढावयाची आणि ती खरी की खोटी हे याच्या हाताने, आणि इथे तर पाठीने, ठरवावयाचे.

लिंचनंतर आणखी काही जण बसले. त्यांतल्या एका विमानविषयक पत्रकाराचा मणका दबून मोडला आणि त्याला इस्पितळात न्यावे लागले. मार्टिन या ठिकाणी थांबले आणि विचार करू लागले. त्यांनी मणक्यांची रचना शिकून घेतली. मणके एकावर एक ठेवलेल्या विटांसारखे असतात. वीट सपाट बसली असेल तर ती मोठे ओझे सहन करते. रांग पुढे वाकली तर सारा भार विटेच्या एका कडेवर येतो आणि कड फुटते. म्हणून वैमानिकाने ताठ बसले पाहिजे. त्यासाठी त्यांनी खुर्ची उडविण्याचा दट्ट्या डोक्याच्या वर ठेवला. दोन्ही हात वर करून तो खाली ओढला की पाठ आपोआप सरळ होते, आणि दट्ट्याबरोबर येणारा पडदा तोंडावर उतरून वाऱ्यापासून चेहरा राखतो. एका ओढण्यात तीन कामे.

दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती अधिक सूक्ष्म होती. धक्का किती मोठा एवढेच पाहून भागत नाही. तो किती झटक्याने चढतो हेही पाहावे लागते. गुरुत्वाकर्षणाने आपल्याला जे वजन असते त्याला शास्त्रज्ञ एक ‘जी’ म्हणतात. एकवीस जी म्हणजे माणसाचे वजन क्षणभर एकवीसपट होणे. मार्टिनांनी दंडक घातला की जोर एकवीस जीच्या वर जाता कामा नये, तो सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक काळ टिकता कामा नये, आणि तो चढण्याची गती सेकंदाला तीनशे जीहून अधिक असू नये. यासाठी त्यांनी नळीत दोन काडतुसे बसविली. पहिले हलका ढोसा देते आणि खुर्ची चालू लागल्यावर दुसरे पेटते. २४ जुलै १९४६ रोजी लिंच मीटिअर विमानातून ताशी तीनशेवीस मैलांच्या वेगात, आठ हजार फुटांवरून उडाला आणि छत्रीने खाली उतरला. ३० मे १९४९ रोजी जो लँकेस्टर नावाच्या चाचणी-वैमानिकाने खऱ्या संकटात ती खुर्ची वापरली आणि तो वाचला. त्याला शंभर वर्षांचे आयुष्य लाभले.

आता गादीकडे येऊ.

ज्यांनी मोट पाहिली आहे अशा वडीलधाऱ्यांना हे लवकर कळेल. बैल धावेवर चालू लागतात तेव्हा नाडा ताणलेला असला तर मोट संथपणे वर येते. नाडा ढिला असला तर बैल आधी दोन पावले मोकळेच जातात, वेग घेतात, आणि नाडा ताणला गेला की एकदम हिसका बसतो. तरुण मंडळींनी ट्रॅक्टरने उसाची ट्रॉली ओढताना ढिल्या साखळीचा हिसका पाहिला असेल. मऊ गादी म्हणजे खुर्ची आणि माणूस यांच्यामधला ढिला नाडा. काडतूस उडते, खुर्ची वर निघते. पण माणूस लगेच निघत नाही, कारण मधली गादी दबत असते. गादी दबेपर्यंत खुर्चीने वेग घेतलेला असतो. गादी पुरती दबली की ती वेगात आलेली खुर्ची स्थिर असलेल्या माणसाच्या बुडावर खालून आदळते.

याचा ढोबळ हिशेब पाटीवर मांडता येतो. खुर्ची दहा जीने निघाली आणि गादी पाच सेंटिमीटर दबली, असे समजा. गादीने फारसा विरोध केला नाही असे धरले तर माणसाला बसणारा तडाखा किती? दहाने पाचाला गुणा. पन्नास सेंटिमीटर, म्हणजे दीड फुटाहून अधिक उंचीवरून उघड्या फरशीवर बसकण मारल्यासारखा. गादी दुप्पट जाड घातली तर ती उंची मीटरभर होते. म्हणजे वैमानिकाला अधिक सुख व्हावे म्हणून घातलेले दर बोटभर जाडीचे अस्तर त्याला आणखी उंचावरून फरशीवर फेकते, आणि हा तडाखा काडतुसाच्या मूळच्या जोरावर चढून येतो.

तालीम आणि विमान यांतला भेद इथे आहे. हौद्यात पैलवान खाली येतो आणि माती जागेवर असते. त्याचा वेग ठरलेला, तो वाढत नाही. विमानात खुर्ची येत असते आणि तिच्या पाठीशी काडतूस असते, ते क्षणाक्षणाला तिचा वेग वाढवीत असते. पहिल्या ठिकाणी मऊपणा वेळ मिळवून देतो, दुसऱ्या ठिकाणी तो शत्रूला वेळ मिळवून देतो. एकाच गुणाचे असे दोन परस्परविरुद्ध परिणाम होतात, हे पाहिल्यावर अनुभवावर किती विसंबावे याचा विचार पडतो. गादी तपासणाऱ्यांना हा विचार पडला, आणि म्हणूनच गादी हाताने दाबून पारखण्याची वस्तू राहिली नाही.

इंग्लंडच्या वायुदलाच्या फार्नबरो येथील वैद्यकीय संस्थेतले लॅथम यांनी १९५७ साली या प्रश्नावरचा आपला अभ्यास रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. शरीर म्हणजे एक वजन आणि कणा म्हणजे त्याच्याखालची स्प्रिंग, असे मानून गणित मांडण्याची ही रीत. आपल्या गूळबाजारातला दाखला देतो. स्प्रिंगच्या काट्यावर ढेप हलकेच ठेवली तर काटा बरोबर वजनावर थांबतो. तीच ढेप काट्याला टेकवून एकदम सोडली तर काटा वजनाच्या जवळजवळ दुपटीपर्यंत जाऊन मागे येतो. ढेप तीच, पण काट्याने सोसलेला भार दुप्पट. माणसाच्या कण्याचेही असेच आहे. खुर्चीला बारा जीचा जोर मिळाला म्हणून छातीपाशी बाराच मिळेल असे नाही. तो झटक्याने आला तर छातीपाशी बाराच्या वर जातो. मऊ गादी हे वर जाणे वाढविते. म्हणून गादीची परीक्षा घेताना दोन मापे घेतात. एक खुर्चीच्या तळाशी आणि एक बसलेल्याच्या छातीशी. दुसरे पहिल्याहून जितके अधिक, तितकी गादी वाईट.

पुढे १९६९ च्या सुमारास अमेरिकेत या स्प्रिंगचे आकडे पक्के झाले. कण्याची ही कल्पित स्प्रिंग सेकंदाला सुमारे साडेआठ वेळा झुलते असे धरून प्रत्येक धक्क्याला एक गुण देतात. गुण अठरा आला, तर अशा धक्क्याने शंभरांत सुमारे पाच जणांच्या कण्याला इजा होईल असे समजतात. पाच टक्के हा आकडा ऐकून कोणी दचकेल. परंतु खुर्ची न उडविली तर शंभरांतले किती वाचतील, हे लक्षात घेऊन तो मान्य केलेला आहे. कण्याची सुरक्षितता म्हणजे इथे इजाच नाही असा अर्थ नव्हे.

परीक्षा कोणावर घ्यावयाची? पहिला मान वाळूच्या पोत्याचा. मग बाहुल्याचा. १९४९ साली अमेरिकेत ‘सिएरा सॅम’ नावाचा माणसाच्या आकाराचा आणि वजनाचा बाहुला तयार झाला, तो खुर्चीच्याच चाचण्यांसाठी. आज मोटारी आपटून पाहताना जे बाहुले बसवितात त्यांचा हा पूर्वज. पण बाहुल्याला दुखत नाही, आणि त्याच्या पोलादी कण्याचा झोल माणसासारखा नाही. गादीच्या बाबतीत हा दोष फार जाणवतो, कारण गादी आणि माणसाचे मांस ही दोन्ही एकाच वेळी दबत असतात. म्हणून शेवटी माणूस लागतोच. अमेरिकेच्या राइट-पॅटरसन तळावरच्या मनोऱ्यावर सैनिक स्वयंसेवक बसून निरनिराळ्या गाद्या तपासल्या गेल्या आहेत. अशा वेळी जोर दहा जीच्या आसपास ठेवतात, म्हणजे खऱ्या उड्डाणाच्या बराच खाली, आणि बसणारा कोणत्याही क्षणी ‘नको’ म्हणू शकतो.

या संदर्भात कर्नल जॉन स्टॅप यांचे नाव नेहमी निघते. ते डॉक्टर होते. १० डिसेंबर १९५४ रोजी ते अग्निबाणाने ढकलल्या जाणाऱ्या घसरगाडीवर बसले. ताशी ६३२ मैलांवरून ती सव्वाएक-दीड सेकंदात थांबविली गेली आणि त्यांनी शेहेचाळीस जीहून अधिक भार सोसला. डोळ्यांत रक्त उतरून काही काळ त्यांना दिसेनासे झाले. कोणी म्हणेल, शेहेचाळीस सोसले तर एकवीसची चिंता कशाला? परंतु स्टॅप यांचा धक्का छातीच्या दिशेने होता, पट्ट्यांनी सबंध धडावर वाटलेला. कण्याच्या लांबीने येणारा धक्का एकेका मणक्याला झेलावा लागतो. शरीर तेच, पण दिशा बदलली की त्याची सहनशक्ती निम्म्याहून खाली येते.

डॉक्टरांनी स्वतः बसावे ही परंपरा इंग्लंडातही दिसते. पुढे खुर्चीखाली अग्निबाण आला. काडतुसाने सारे काम एका झटक्यात करण्याऐवजी अग्निबाण ते थोड्या सावकाशीने करतो, म्हणून कण्याचा भार हलका होतो आणि उंचीही अधिक मिळते; विमान जमिनीवर उभे असले तरी माणूस वाचू शकतो. १३ मार्च १९६२ रोजी विमानातून ती खुर्ची प्रथम उडविली तेव्हा तिच्यावर पीटर हॉवर्ड हे वायुदलाचे डॉक्टर बसले होते. रूफच्या गोष्टीनंतर हे सांगताना मला बरे वाटते.

मग गादीच काढून टाकावी, असा सोपा उपाय कोणाला सुचेल. तो चालत नाही. कडक फळीवर तासन्‌तास बसून बघा. बैठकीच्या दोन हाडांवर सारा भार येतो, पाय बधिर होतात, पाठ दुखू लागते. आणि ज्याचे लक्ष पाठीकडे आहे तो शत्रूच्या विमानाकडे काय पाहणार? शिवाय आजची विमाने हवेतच इंधन भरून घेतात आणि आठ-आठ तास वर राहतात. खुर्ची उडविण्याचा प्रसंग एखाद्याच्या सबंध नोकरीत एकदा येतो, बहुतेकांच्या येतच नाही. गादीवर बसणे मात्र रोजचे. म्हणजे रोजच्या सुखासाठी मऊ आणि त्या एका क्षणासाठी कठीण अशी गादी हवी. वैमानिकाने तक्रार केली आणि भांडाराने मऊ गादी दिली, इतके हे सोपे नाही. कोणी आपल्या सोयीने एखादी उशी खाली सरकविली तर तो वर केलेल्या हिशेबातले सेंटिमीटर स्वतःच्या हाताने वाढवितो.

दोन्ही गुण एका ठिकाणी आणणारा पदार्थ सापडला तो १९६६ साली. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेसाठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी एक सावकाश पूर्ववत होणारा फोम तयार केला. आज दुकानात ‘मेमरी फोम’ म्हणून मिळतो तो त्याचाच वंशज. गुऱ्हाळावर थंड झालेल्या दाट काकवीत बोट हळू घातले तर ते आत जाते. थपकन चापट मारली तर काकवी हाताला अडविते. हा फोम तसा आहे. माणूस सावकाश बसला की तो अंगाप्रमाणे आकार घेतो, आणि खालून झटका आला की त्याला दबायला सवडच मिळत नाही. तो कठीण होऊन खुर्चीचा जोर लगेच वर पोचवितो. नाडा आधीच ताणलेला असावा तसे होते. याच्याखाली आणीबाणीच्या सामानाची पेटी असते, तिचे झाकण बैठकीच्या घडणीचे कठीण करतात, म्हणजे फोमचा थर पातळ ठेवता येतो.

परंतु काकवीची उपमा इथेच संपत नाही. काकवी थंडीत घट्ट होते, उन्हात पातळ होते, आणि हा फोमही तसाच. थंडीत तो दगड होतो, उन्हात सैल पडतो. ज्या देशाची विमाने लेहच्या गारठ्यातूनही उडतात आणि राजस्थानच्या वाळवंटात भर उन्हात उभीही राहतात, त्या देशाने गादी तपासताना दोन्ही टोके पाहिली पाहिजेत. फोम जुनाही होतो. घाम, ऊन आणि रोजचे बसणे यांनी त्याचा ताठरपणा बदलतो.

आपल्या देशाची गोष्ट १९४८ साली व्हँपायर या पहिल्या जेट विमानांपासून निघते. एका आसनाच्या त्या व्हँपायरमध्ये इजेक्शन सीट नव्हती. पुढे हंटर आणि नॅट आली, आणि १९६३ पासून मिग-२१. ही उडत्या खुर्चीची विमाने. बंगलोरला वायुदलाची वैमानिकी वैद्यकाची संस्था १९५७ साली निघाली होती, तिच्याकडे खुर्चीने वाचलेल्यांची पाठ तपासण्याचे काम आले. १९६५ च्या युद्धात, २२ सप्टेंबरला, जनरल करिअप्पा यांचे चिरंजीव फ्लाइट लेफ्टनंट के. सी. करिअप्पा यांचे हंटर पाकिस्तानच्या हद्दीत पडले. ते खुर्चीने बाहेर पडले आणि युद्धकैदी झाले; त्यांच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली होती. जनरलसाहेबांनी मुलासाठी वेगळी वागणूक मागितली नाही, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या मुलाच्या पाठीची आठवण मात्र थोड्यांनाच असते.

महाराष्ट्राचा संबंध त्याच सुमारास आला. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली मिगचा कारखाना उभा राहिला. मिग-२१ तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी वायुदलातून निवृत्त झाले. ओझरला नंतर सुखोई-३० तयार झाली, तिच्यात रशियाची के-३६ जातीची खुर्ची असते. हीच खुर्ची १४ ऑक्टोबर २०१४ रोजी पुण्याजवळ थेऊरच्या परिसरात बातमीचा विषय झाली. उतरण्याच्या बेतात असलेल्या सुखोईच्या दोन्ही खुर्च्या उडाल्या, दोघे वैमानिक वाचले आणि विमान शेतात पडले. उसाच्या शेतात खुर्ची आकाशातून पडलेली पाहणाऱ्यांना ही यंत्रणा केवढ्या जोराची आहे याची कल्पना आली असेल. पुण्यातल्या संरक्षण प्रयोगशाळांनी तेजस विमानासाठी एक महत्त्वाचे काम केले आहे. खुर्ची उडण्याच्या आधी डोक्यावरची काच बारीक स्फोटाने फोडून वाट मोकळी करण्याची योजना तिथली. डिसेंबर २०२५ मध्ये चंडीगडच्या प्रयोगशाळेत अग्निबाणाच्या घसरगाडीवर विमानाचा पुढचा भाग ताशी ८०० किलोमीटरने पळवून बाहुल्यासह ही सारी व्यवस्था तपासली गेली. खुर्ची मात्र तेजसमध्येही मार्टिन-बेकरचीच आहे. त्या कारखान्याच्या मोजणीप्रमाणे त्याच्या खुर्च्यांनी आजवर साडेसात हजारांहून अधिक माणसे वाचविली आहेत.

एक प्रश्न अजून उरला आहे. या खुर्च्या आणि हे आकडे ज्यांच्या शरीरांवर ठरले, ते बहुतेक सारे युरोपातले आणि अमेरिकेतले धिप्पाड पुरुष होते. काडतुसाचा जोर ठरलेला असतो. बसणारा हलका असेल तर तोच जोर त्याला अधिक झटक्याने उडवितो. १८ जून २०१६ रोजी आपल्या वायुदलात तीन तरुणी प्रथमच लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेने एफ-३५ या आपल्या नव्या विमानात १३६ पौंडांहून, म्हणजे सुमारे ६२ किलोंहून हलक्या वैमानिकांना बसण्यास बंदी केली होती, कारण उडताना त्यांच्या मानेला धोका होता. खुर्चीत आणि शिरस्त्राणात दुरुस्त्या करून ती बंदी २०१७ साली उठविण्यात आली. सातारा-सांगलीकडची सडसडीत अंगाची मुलगी उद्या त्या खुर्चीत बसेल तेव्हा तिच्या वजनाचा, तिच्या मणक्यांच्या आकाराचा हिशेब त्या गादीत धरलेला असला पाहिजे. तो हिशेब लिंचच्या पाठीवरून निघत नाही, तो पुन्हा नव्याने मोजावा लागतो.

खुर्चीने उतरलेला वैमानिक पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत येतो. गावकरी त्याला पाणी देतात, खाटेवर बसवितात, तोही हसून बोलतो. वायुदलाचे डॉक्टर आले की पहिल्याने त्याला आडवा करतात आणि फळीवर बांधून नेतात. मणक्याची दबलेली कड कित्येकदा पहिल्या दिवशी दुखतच नाही. छातीचा कणा संपून कमरेचा सुरू होतो त्या सांध्याच्या आसपास ती बहुधा सापडते, आणि चित्र काढून पाहिल्याशिवाय ती कळत नाही. चित्र स्वच्छ निघेपर्यंत त्याला उठून बसू देत नाहीत, मग तो कितीही धडधाकट दिसो.